गजूच्या मागून वसंता

सोयाबीन निघालं की आमच्या अनसिंगच्या हवेला एक वास येतो. मळणी यंत्राच्या धुळीचा, वाळल्या शेंगांचा, नव्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा. तो दुकानातल्या भांड्यांवर बसतो, गादीवर बसतो, आणि जेवताना वरणातसुद्धा येतो असं मला वाटतं. बायको म्हणते, तुम्हाला सर्दी झालीये, वास-बीस काही नाही. तिला काय सांगू! गेली काही वर्षं हा वास आला की माझे दोन्ही हात आपोआप एकमेकांवर बसतात, काठी धरावी तसे. समोर गिऱ्हाईक उभं असतं, हातात डबा घेऊन भाव विचारत असतं, आणि मी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत असतो. मग ते बिचारं कंटाळून पुढच्या दुकानात जातं.

यंदाही दसरा झाला, वास आला आणि पाठोपाठ गजूचा फोन आला. गजू म्हणजे गजानन, माझा शाळेपासूनचा मित्र. गावाबाहेर त्याचा मळा आहे. वांगी, टमाटे, सांबार (म्हणजे तुमची कोथिंबीर) पिकवतो आणि वाशिमच्या बाजारात नेतो.

"सेठ, बरडावरचं गवत कापलं," गजू म्हणाला. हे वाक्य म्हणजे आमच्या खेळाची घंटा. ते ऐकून मी दरवर्षी खुर्चीतून उठतो. यंदाही अर्धा उठलो होतो, तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "या साली तिघंच खेळू म्हणतो. वसंताचा डाव आता राहू दे."

"काहून?"

"राहू दे म्हनलं ना. लोक बोलून राह्यले."

"मंग लोकायच्या तोंडाच्या मापाचं झाकण नाही माह्या दुकानात," मी म्हणालो आणि फोन ठेवला. दिवसभर डोकं तापलेलं होतं. वसंताला जाऊन एकच वर्ष झालं, आणि हा म्हणतो तिघंच खेळू! माझ्या हयातीत मी ते होऊ देणार नव्हतो. वसंता आमचा चौथा आहे. होता म्हणा हवं तर, पण मला ते 'होता' अजून जिभेवर घेता येत नाही.

आता हसू नका, पण आम्ही खेळतो ते गोल्फ. हो, अनसिंगला. वसंता आमच्याच वर्गातला. दहावीनंतर पुण्याला गेला आणि तिकडच्या एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामाला लागला. अर्धं आयुष्य त्यानं साहेब लोकांच्या पायाखालचं गवत सारखं करण्यात घालवलं. पुढं आईच्या आजारपणासाठी म्हणून सुट्टीवर आला, आई गेली, आणि हा इथंच राहिला. येताना त्यानं टाकून दिलेल्या तीन काठ्या आणि तळ्यातून काढलेल्या पांढऱ्या चेंडूंची एक पिशवी आणली. गावानं त्याला विचारलं, पुण्याहून काय कमावून आणलं रे? त्यानं पिशवी दाखवली. गाव अजून हसतंय.

गजूच्या मळ्याच्या वर, धुऱ्याच्या (म्हणजे बांधाच्या) पलीकडे, मुरमाड जमिनीचा एक तुकडा आहे. त्यालाच बरड म्हणतात. गजूच्या आजोबानं तिथं ज्वारी पेरून पाहिली, बापानं करडई, गजूनं लिंबं लावून पाहिली. बरडानं कोणाचंच ऐकलं नाही. पावसाळ्यात तिथं कमरेएवढं कुसळी गवत वाढतं, दसऱ्यापर्यंत वाळतं. ते जनावरांसाठी कापलं की खालून जी जमीन निघते तिच्यावर चेंडू सुटला की थांबायचं नाव घेत नाही. वसंतानं ती जमीन पाहिली, पायानं दाबून पाहिली, आणि माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "सेठ, बूड चेपलेले डबे हायेत का, इकले न जाणारे?" ते डबे आम्ही बरडावर जागोजागी गळ्यापर्यंत पुरले. ते आमचे खड्डे. चेंडू काठीनं मारत मारत त्या डब्यात घालायचा, कमी टोल्यांत घालेल तो जिंकला. एवढंच. वाटेत बाभळी, नाला, आणि सोयाबीन निघालं की गजूनं मुद्दाम तिथंच आणून टाकलेला कुटाराचा ढीग. त्या ढिगात चेंडू गेला की माणूस शिंका देत बाहेर येतो.

राहिला देवराव. एस.टी.त कंडक्टर, रिसोड डेपोला. त्याची ड्युटी संपली की खाकी पँटवरच तो बरडावर हजर. डाव कोणाच्या मागून कोणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं. जमीन गजूची, म्हणून पहिला टोला त्याचा. गजूच्या मागून वसंता. वसंताच्या मागून मी. आणि सगळ्यांत शेवटी देवराव, कारण कंडक्टरनं शेवटीच चढायचं असतं, असं त्याचंच म्हणणं. हा क्रम कधी मोडला नाही. पुढं पुढं तो आमच्या अंगात इतका मुरला की चहाच्या टपरीवरसुद्धा कप याच ओळीनं उचलले जायचे.

खरा खेळ आम्हाला कधी जमला नाही. वसंता म्हणायचा, "खरा खेळ साहेब लोकायलेबी नाही जमत. म्हणून रविवारी ते गमतीचे खेळ खेळतात." आणि मग त्यानं एकेक करून ते गमतीचे खेळ आम्हाला शिकवले. आता वाटतं, त्याला गोल्फपेक्षा हेच शिकवायचे होते.

साझ्याचा खेळ होता. चौघांनी चेंडू मारायचे, ज्याचा चेंडू सगळ्यांत बऱ्या जागी पडला असेल तिथं बाकीच्यांनी आपापले चेंडू उचलून न्यायचे, आणि तिथून सगळ्यांनी पुढचा टोला मारायचा. देवरावचा जीव या खेळावर, कारण त्याचा चेंडू जन्मात कधी बऱ्या जागी पडत नसे. तो दर वेळी नाल्यातून चेंडू उचलून खुशाल चालत यायचा आणि वसंताच्या चेंडूशेजारी असा ठेवायचा, जणू त्यानंच मारलाय. "साझ्यात पिकलं का सगळ्यायचं पिकलं," म्हणायचा.

जोडीच्या खेळात दोघांत एकच चेंडू. एकदा एकानं मारायचा, एकदा दुसऱ्यानं. मी आणि गजू एका जोडीत आलो की भांडण ठरलेलं. तो दणकून मारणार, चेंडू कुटारात जाणार, आणि काढायचं माझ्या नशिबी. "तू घाण करशील अन् मी निस्तरू काय बे?" मी एकदा ओरडलो. गजू म्हणाला, "घरी वयनी तुह्यासाठी जलमभर तेच करून राह्यल्या, तवा काई बोलत नाहीस!" वसंता हसून हसून मुरमावर बसला. त्याचं हसणं नाकातून यायचं, आवाज फारसा नाही, नुसते खांदे हलायचे. ते खांदे मला अजून दिसतात.

आणि दोरीचा खेळ. यात प्रत्येकाला सुतळीचा एक तुकडा मिळतो. कच्च्या गड्याला लांब, पक्क्याला आखूड. चेंडू अडचणीत पडला तर सुतळीनं मोजून हातानं बाजूला घ्यायचा, आणि जेवढी सुतळी वापरली तेवढी कापून टाकायची. सुतळी संपली की मग आहे तिथूनच मारा. देवराव पहिल्याच बाभळीखाली सगळी सुतळी संपवून बसायचा आणि मग उरलेली संध्याकाळ कपाळाला हात. वसंताची सुतळी खिशातच असायची. एकदा मी पाहिलं, त्यानं हळूच ती देवरावच्या हातात सरकवली. "हे तिकडे चालते का रे?" मी डाफरलो. वसंता म्हणाला, "तिकडे नाही चालत. इथं चालते."

या सगळ्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एकाच उजेडात आहेत. तो उजेड दिवाळीनंतरचा, सूर्य खाली आल्यावरचा, तुरीच्या फुलांवरून येणारा. माझ्यामुळे खेळ लवकर संपायचा. आम्ही जैन, माझं जेवण सूर्य बुडायच्या आत. सूर्य बाभळीला टेकला की वसंताच म्हणायचा, "चला, सेठचं ताट वाढलं असन." मी म्हणायचो, अजून एक खड्डा होतो. तो काठ्या गोळा करून मोकळा.

एक दिवाळीचा हंगाम आठवतो. देवराव जादा गाड्यांवर अडकलेला, आठवडाभर बरडावर फिरकला नव्हता. तिघांत खेळ जमेना. तेव्हा वसंता म्हणाला, चौथा नसला तरी त्याचा डाव खेळता येतो. त्याचा चेंडू ठेवायचा, त्याचा नंबर आला की तिघांनी आळीपाळीनं त्याच्यासाठी मारायचा, आणि टोले त्याच्या नावावर धरायचे. "साहेब लोक त्या गड्याले भूत म्हणतात," तो म्हणाला. आम्ही खूप हसलो. रात्रंदिवस गाडीत घंटी मारणारा जिवंत देवराव, आणि इथं बरडावर त्याचं भूत जिंकतंय! दिवाळी झाल्यावर देवराव आला तेव्हा त्याला सांगितलं, तू आमच्यापेक्षा पुढं आहेस. तो म्हणाला, "मंग मी गाडीवरच बरा."

झेंड्याचा खेळ वसंतानं सगळ्यांत शेवटी शिकवला. यात सगळ्यांना सारखेच टोले मिळतात. आपले टोले जिथं सरले तिथं आपला झेंडा रोवायचा आणि बाजूला व्हायचं. ज्याचा झेंडा सगळ्यांत पुढं, तो जिंकला. आमचे झेंडे म्हणजे तुराटीला बांधलेल्या चिंध्या. वसंताची निळी. दर वेळी तो निळा झेंडा आमच्या पार पुढं, शेवटच्या डब्यापाशी. पण त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात, खेळ बंद व्हायच्या सुमारास, त्याचे टोले माझ्याही मागंच सरले. तो झेंड्याजवळ उभा राहिला, हाताकडे पाहिलं, म्हणाला, "ताकद उतरली गड्या." झेंडे गोळा करताना मी त्याचा उपटायला गेलो, तर म्हणाला, राहू दे, उद्या काढू. उद्याचं राहून गेलं, संक्रांत आली, आणि आमचा हंगाम संपला.

पुढच्याच पावसाळ्याच्या अखेरीस, सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या तेव्हा, वसंता सकाळी गाईचं दूध काढायला बसला आणि उठला नाही. मी पोचलो तेव्हा त्याची बायको, सुमनवयनी, त्याच्या डोक्याशी बसली होती. कोरड्या डोळ्यांनी. बाया तिला म्हणत होत्या, रड वं माय, मोकळी हो. ती सगळ्यांकडे बघत होती, पण तिला त्यातलं काही ऐकू येत नसावं. मी मात्र रडलो. गजूच्या खांद्यावर डोकं ठेवून चारचौघांत रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

दसऱ्यानंतर गवत कापलं. तिघंही आपोआप गेलो. निळा झेंडा तिथंच होता. पावसानं चिंधीचा रंग उडाला होता, गवत कापणाऱ्या बायांनी त्याला न उपटता भोवतीनं कापलं होतं. आम्ही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. गजूनं चेंडू ठेवला, मारला, आणि नेहमीसारखा बाजूला सरकून उभा राहिला.

आणि आम्ही थांबलो.

मी काठीवर हात टेकून उभा. देवराव आभाळाकडे बघत उभा. गजूनं मोकळी केलेली जागा तशीच मोकळी. एक टिटवी नाल्यापलीकडे ओरडत होती. वेळ जात होता. मला तर वैताग यायला लागला, काय उशीर लावतो हा, असं अगदी ओठांवर आलं. आणि मग तिघांनाही एकदमच कळलं, आपण कोणाची वाट बघतोय ते.

"मार ना सेठ," गजू कसाबसा म्हणाला.

"माहा नंबर नाही," मी म्हणालो. आणि तो खरंच नव्हता.

मग देवरावच बोलला. "मी दिवाळीच्या गाडीवर राहो तवा माहा डाव खेळत होते ना तुमी? मंग याचाबी खेळा." पिशवीत वसंताचा चेंडू होता, पेनानं निळं कडं काढलेला. तो मी ठेवला आणि त्याच्यासाठी मारला. देवाशपथ सांगतो, माझ्या हातून जन्मात तसा टोला बसला नव्हता. चेंडू कुटाराच्या बाजूनं, बाभळीच्या बाजूनं, सरळ निघून डब्याशेजारी थांबला. "वा वसंता!" देवराव ओरडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग माझा स्वतःचा नंबर आला, आणि माझा चेंडू कुटारात गेला.

गेला सगळा हिवाळा असाच. काठी तीच, हात तेच, पण वसंताचा डाव असला की चेंडू सरळ जायचा. मी त्यावर खूप विचार केलाय. गादीवर बसून दुसरं करायचं काय असतं? दुसऱ्याच्या नावावर मारताना माणसाचे हात सैल असतात, हरलो तरी आपण हरत नाही, म्हणून बसत असेल टोला. हे झालं डोक्याचं उत्तर. पण मारायच्या आधी वसंता घशातल्या घशात एक बारीक 'हं' करायचा, आणि त्याच्या डावाला तो 'हं' मला ऐकू यायचा. माझ्याच घशातून येत असेल. गजूला मी विचारलं नाही, त्यानंही मला सांगितलं नाही. पण एका खड्ड्याकडून दुसऱ्याकडे जाताना आम्ही तिघं चालायचो ते चौघांची जागा धरून. गजू, मग मोकळी जागा, मग मी, मग देवराव.

मी भुतंखेतं मानत नाही. आमच्यात तर सांगितलंय की जीव देह सोडतो तो क्षणात दुसरीकडे जन्माला जातो, मधे रेंगाळत नाही. ते खरं असेल तर वसंता आता कुठंतरी कोणाच्या तरी पोटी, कोणत्या तरी रूपात नवा होऊन बसलाय, आणि बरडाची त्याला ओळखही नाही. मग आम्ही हिवाळाभर खेळलो कोणाशी? हा प्रश्न दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना येतो. मी उगाच भांडी पुसत बसतो. मला त्याला सोडायचा नव्हता, हे खरं कारण. त्याचा डाव चालू आहे तोवर तो पुरता गेलेला नाही, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या गावाला डोळे आहेत. तीन म्हातारे होऊ घातलेले गडी रिकाम्या जागेकडे बघून 'शाब्बास वसंता' म्हणतात, टाळ्या वाजवतात, त्याच्यासाठी वाट सोडतात, हे गुराख्यांनी पाहिलं, गवताच्या बायांनी पाहिलं. संक्रांतीच्या सुमारास एका डब्याजवळ कुंकू लावलेलं लिंबू सापडलं. देवराव आणि मी हसलो. गजू हसला नाही. त्यानं ते लिंबू नाल्यात टाकलं आणि हात मातीनं घासले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी माझ्याच धुंदीत.

वसंताच्या वर्षश्राद्धाच्या आधी सुमनवयनी दुकानात तांब्या घ्यायला आली होती. तांब्या हातात फिरवत म्हणाली, "सेठजी, तुमी अजून जाता का बरडावर?"

"गवत कापलं की जाऊ. वसंताचा डाव आमी चालूच ठेवला आहे वयनी," मी मोठ्या अभिमानानं म्हणालो. ती तांब्या पिशवीत घालून गेली. रात्री बायकोला सांगितलं की वयनीला फार बरं वाटलं. बायको म्हणाली, "ती तसं म्हणाली का?" मी म्हणालो, म्हणायला कशाला पाहिजे. बायकोनं कूस बदलली.

तर यंदा. गजूच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी बरडावर गेलो तो भांडायच्या तयारीनंच. खिशात निळ्या कड्याचा चेंडू. गवत नुकतंच कापलेलं, पावलाखाली खुंट टोचत होते, कुटाराचा ताजा ढीग जागेवर होता. देवराव खाकी पँटीत. गजूनं माझ्याशी नजर मिळवली नाही. चेंडू ठेवला, मारला, आणि सवयीनं बाजूला सरकला. म्हणजे मनात काहीही असो, अंग अजून जुनाच क्रम पाळत होतं. मला बरं वाटलं. मी खिशातून चेंडू काढला.

"नको सेठ," गजू म्हणाला.

"काहून नको?"

"मागं पाह्य."

धुऱ्यावर सुमनवयनी उभी होती. तिचं वावर आणि वावरातलं घर धुऱ्याला लागूनच. ती धुरा उतरून थेट आमच्यात आली, पदर खोचलेला, हाताला माती. माझ्या हातातल्या चेंडूकडे बघून म्हणाली, "आता त्यायचा डाव हाय ना?"

"हाव वयनी. तुमी मारता का आज? त्याले किती बरं वाटन!" मी म्हणालो. किती मूर्ख असावं माणसानं.

"मले नाही मारायचा. मले एक इचारायचं हाय सेठजी. तुमी त्यायले घरी कवा जाऊ देता?"

गजूनं काठी खाली ठेवली.

"हरभरा पेरायचा हाय, बाया येत नाहीत माह्या वावरात. म्हणतात तुहा नवरा बरडावर फिरते. पोरीच्या सासरहून फोन येते, शांत करून घ्या म्हणून. काय शांत करू? ते झोपलेच हायेत, तुमी उठवता."

"वयनी, त्याची आठवण राहावी म्हणून…" देवराव म्हणाला.

"आठवण मले नाही काय देवरावभाऊ?" तिचा आवाज चढला नव्हता. "ते गेले तवा मले रडू नाही आलं. मी म्हनलं, येईन, घर रिकामं झालं का येईन. अन् मंग तुमी हे सुरू केलं. दिवस कलला का घरात ऐकू येते, वा वसंता, शाब्बास वसंता. कायचं रडू येते? आपला माणूस पलीकडे खेळून राह्यला असंच वाटते. मी चुलीवर चहाचं आधण ठेवते. ठेवल्यावर ध्यानात येते. मंग ते पाणी तसंच उकळत राहते." ती थांबली. मग माझ्याकडे वळली. "मले ते मेलेले पाह्यजेत सेठजी. दुसरं काईच नको."

मला तिच्याशी भांडायचं होतं. खरंच सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की हिला सांगावं, वयनी, आणखी हा एक हिवाळा. फक्त एक. तोंड उघडलंही. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ तो संध्याकाळी तासभर असायचा. बाकीचा सगळा वेळ ती त्याची वाट बघत बसायची, आणि तिला त्याची वाट बघायला आम्हीच लावलं होतं. मी चेंडू तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला, बोटानं निळं कडं एकदा चाचपलं, आणि पदराच्या टोकात बांधून घट्ट गाठ मारली.

"कोणाच्या मागून कोण असते?" तिनं विचारलं.

"माह्या मागून वसंता," गजू म्हणाला. "मंग सेठ."

ती त्या मोकळ्या जागेच्या कडेला जाऊन उभी राहिली. थोडा वेळ, माणसाला एक टोला मारायला जेवढा लागतो तेवढा, ती नुसती त्या जागेकडे बघत होती. मग म्हणाली, "झालं. मारा सेठजी."

मी माझा चेंडू ठेवला. मारायच्या आधी मी कान दिला, देऊ नये तरी दिला. काहीच ऐकू आलं नाही. मी मारला. चेंडू कुठं गेला ते पाहिलं नाही, कारण मागून आवाज आला.

सुमनवयनी मुरमावर बसली होती आणि रडत होती. मोठ्यानं, ऊर बडवून, धुऱ्यापलीकडच्या वावरातून माणसं वळून बघतील अशी. जन्मभर 'ते' आणि 'त्यायले' म्हणणारी ती बाई नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारत होती. वसंता, वसंता. देवरावनं टोपी काढली. गजूनं तोंड फिरवलं. आम्ही तिघं तिच्यापासून थोडं अंतर ठेवून उभे राहिलो, आणि कोणीही तिला उगी राहा म्हटलं नाही.